धाकटीचं दार

ताईचा निरोप आला तेव्हा मी त्या सकाळपासूनचं अडतिसावं दार लावत होतो. दार तसं एकच, गाडीचं, पुढचं डावीकडचं; लावायचं, ऐकायचं, उघडायचं, पुन्हा लावायचं. हे ज्या खोलीत चालतं तिच्या भिंतींना आणि छताला हातभर जाडीचा स्पंज लावलेला आहे. आत गेलं की स्वतःचं आवंढा गिळणंही ऐकू येतं आणि बाहेरचं जग, फोनसकट, बंद होतं. अडतीस झाल्यावर मी पाणी प्यायला बाहेर आलो आणि खिशात फोन थरथरला. ताईने आमच्याच कंपनीच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवला होता. लाल गाडीवर बोट ठेवलेलं, बोट तिचंच, नखाजवळ भाजल्याचा जुना डाग असलेलं. खाली लिहिलं होतं, "ठरलं. हीच घेतोय, साधं मॉडेल. शनिवारी पैसे भरायचेत, हे म्हणतात तू हवासच. तुझी गाडी म्हणून घेतोय हो." मी ते दोनदा वाचलं. पाणी न पिताच परत आत गेलो, एकोणचाळिसाव्यांदा दार लावलं, आणि ते कसं वाजलं ते मला आठवत नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

कंपनीत मला कानसाहेब म्हणतात. भिंतींना कान असतात, आपल्या कंपनीला मात्र एकच आहे, हा आमच्या साहेबांचा आवडता विनोद, आणि प्रत्येक नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी ऐकवला जातो. माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. गाडीचं दार लावल्यावर येणारा आवाज आपोआप येतो असं सगळ्यांना वाटतं, भूक आपोआप लागते तसं. तो आवाज केलेला असतो. गिऱ्हाईक इंजिनात डोकावत नाही, डोकावलं तरी त्याला काही कळत नाही. स्वतःच्या हाताने घेता येईल अशी एकच परीक्षा त्याला सापडते, ती दाराची. ते 'धप्प' वाजलं की त्याला वाटतं गाडी भक्कम आहे, 'टण्ण' वाजलं की वाटतं पत्र्याचा डबा आहे. पुढे तो रंगावर बोलतो, मायलेज विचारतो, बायकोचं मत घेतो, पण ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. तो धप्प मी करतो. त्याचा मला अभिमान होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही.

आमच्या तीन गाड्या आहेत. कागदावर त्यांना भारदस्त नावं असली तरी कारखान्यात त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणतात. एरवी गाडी आधी होते आणि मग तिची किंमत ठरते. धाकटीच्या बाबतीत आधी भिंतीवर आकडा लागला, चार लाख नव्याण्णव हजार, आणि मग त्या आकड्यात मावेल एवढी गाडी करा म्हणून सांगितलं. दिवसच तसे होते. पोलाद महागलं होतं, धुराचे नियम कडक झाले होते, नवं वर्ष उजाडलं की प्रत्येक कंपनी किमती वाढवत होती. पाच लाखांच्या आतल्या गाड्या बाजारातून एकेक करून उठून गेल्या होत्या. ज्यांच्याकडे पैसे होते ते छाती काढून चालणाऱ्या उंच गाड्या घेत होते, ज्यांच्याकडे नव्हते ते दुसऱ्याने वापरून सोडलेल्या. दुचाकीवरून पहिल्यांदाच चार चाकांवर येऊ पाहणारा माणूस मात्र शोरूमच्या काचेबाहेरून बघून घरी जात होता. किमती ठरवणाऱ्या बाई म्हणाल्या, "माणूस पहिला आकडा वाचतो. पाच दिसला की मागे फिरतो. त्याला चार दिसू दे, पुढचं मी बघते." आणि मग दर मंगळवारी ती बैठक सुरू झाली जिला आम्ही कात्री म्हणायचो. एक धाकटी पूर्ण सुटी करून लांबलचक टेबलांवर मांडलेली, प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर किंमत, आणि भाजी निवडावी तसे आम्ही दहा-बारा जण तिच्याभोवती. मागच्या काचेचा वायपर गेला. कप्प्यातला दिवा गेला. मागच्या काचा हाताने फिरवायच्या झाल्या. बॉनेटच्या आतल्या बाजूचा रंग गेला, कारण तिथे कोण बघतंय. सुटे पैसे वाचवल्यासारखी मजा यायची त्यात. मग एका मंगळवारी दारांची पाळी आली.

दाराच्या पोटात, बाहेरच्या आणि आतल्या पत्र्याच्या मध्ये, दोन आडव्या पोलादी दांड्या असतात. बाजूने कोणी येऊन आदळलं तर तो आणि आत बसलेला माणूस यांच्यामध्ये त्या दोनच. नियमात एक वेग दिलेला आहे, त्या वेगाच्या धडकेला दार टिकलं की गाडी पास. धाकटी एका दांडीवरही टिकत होती. कोणी खोटं बोललं नाही, कोणी चोरून सही केली नाही, हे मला स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. धडकेच्या चाचण्या घेणाऱ्या बाई कधीच मोठ्याने बोलत नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की नियमातल्या वेगापेक्षा दहा जास्त धरले, तर दोन दांड्यांचं दार आत माणसाच्या जागी बसवलेल्या बाहुल्याच्या बरगड्यांपासून चार बोटं अलीकडे थांबतं आणि एका दांडीचं थांबत नाही. साहेबांनी विचारलं, "तो वेग नियमात आहे का?" बाई म्हणाल्या, "नाही." दांडी गेली. धाकटीच्याच वरच्या, महाग मॉडेलमध्ये ती राहिली, तिथे किमतीला जागा होती. पण दांडी काढल्यावर दार टण्ण वाजायला लागलं. रस्त्यावरून चाळीस माणसं बोलावून त्यांच्याकडून दार लावून घेतलं तर एकतीस जण म्हणाले, डबा आहे. तेव्हा साहेब माझ्या खोलीत आले. तीन आठवड्यांत मी दाराचा आवाज बसवून दिला. तळहाताएवढी डांबरी पट्टी पत्र्याला आतून, रबराची कड जरा मऊ, कडीच्या जिभेला टोपण. सगळं मिळून दांडीच्या किमतीचा अकरावा हिस्सा. तीच चाळीस माणसं पुन्हा बोलावली. छत्तीस जण म्हणाले भक्कम आहे, आणि एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले की पूर्वीच्या गाड्या अशा असायच्या. साहेबांनी सगळ्यांसमोर मला मनगटी घड्याळ दिलं. मला आनंद झाला होता. खरा आनंद, घरी जाऊन बायकोला दाखवण्याइतका.

आता त्या दारामागे ताई बसणार होती. गाडी दाजी चालवणार, म्हणजे ती त्यांच्या शेजारी, डावीकडे, नेमक्या त्याच दाराला दंड टेकून. त्यांच्या घरून दुकानाकडे जाताना एक चौक लागतो, तिथे सिग्नल नाही आणि गोदामाकडून येणारे ट्रक डावीकडून वळतात. तो चौक मी हजार वेळा ओलांडला असेन. बुधवारी कामावर बसल्या बसल्या मी स्वतःच्या बरगड्यांवर चार बोटं आडवी ठेवून बघत होतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं की पोटात दुखतंय का. मी हो म्हणालो.

आई-वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. ताईचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. नव्या संसारात धाकटा भाऊ म्हणजे पाटावरच्या पाहुण्यासारखा नसतो, तो जेवायला रोज असतो, पण दाजींनी मला कधी पाहुणाही मानलं नाही आणि ओझंही. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, अजून आहे. शाळा सुटली की मी तिथे बसायचो. दोन पैशांचं मडकं घेतलं तरी वाजवून घ्यावं, असं सगळेच म्हणतात, पण वाजवायचं कसं ते दाजींनी मला शिकवलं. पातेलं तळहातावर धरायचं नाही, तळहात आवाज खातो. काठाला एका बोटावर लोंबतं ठेवायचं आणि नखाने टिचकी मारायची. "भांडं बोलतं," ते म्हणायचे, "आपण मध्ये बोलू नये." चौदाव्या वर्षी मला डोळे मिटून जाड-पातळ कळायला लागलं, सोळाव्या वर्षी केसाएवढी चीर. एकदा घाऊक व्यापाऱ्याने पातळ बुडाच्या पातेल्यांचा अख्खा गठ्ठा माथी मारला. परत घेईना. दाजींनी ती फेकली नाहीत, तेवढी ऐपत नव्हती. त्यांनी प्रत्येक पातेल्यावर खडूने 'पातळ' असं लिहिलं आणि निम्म्या किमतीत विकायला ठेवली. गिऱ्हाईक आलं की स्वतःच सांगायचे, "बूड पातळ आहे, आच मंद ठेवा, वर्षभर जाईल." गठ्ठा आठ दिवसांत संपला. मी तेव्हा विचारलं होतं की न सांगता विकली असती तर पूर्ण किंमत आली असती ना. ते रागावले नाहीत. म्हणाले, "स्वस्त विकण्यात काही पाप नाही रे. घेणाऱ्याला माहीत पाहिजे, बस." हे मला सतरा वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता चार दिवस दुसरं काही आठवत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मी ताईला फोन केला. माझ्या परीने मी मार्ग काढला होता.

"ताई, वरचं मॉडेल घ्या ना."

"का रे? काय आहे त्यात?"

"मोठा पडदा आहे. चाकं चांगली आहेत. मागे कॅमेरा आहे."

"आम्ही काय गाडीत बसून सिनेमा बघणार आहोत?"

"वरचे पैसे मी देतो."

ती फोन बाजूला धरून मोठ्याने म्हणाली, "तो म्हणतोय वरचं घ्या, पैसे तो देतो." आतून दाजी काहीतरी म्हणाले. ताई हसली. "ते म्हणतात, नाकापेक्षा मोती जड. सव्वीस वर्षं स्कूटरवर काढली, आता घेऊ ती आपल्या पैशाची घेऊ. आणि तू कशाला एवढा जीव टाकतोस? तुझ्या हातचं दार आहे, तेवढं पुरे आम्हाला."

तिथेच सांगायला हवं होतं. पण वरच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात दुसऱ्या दांडीचा उल्लेखसुद्धा नाही. तिची जाहिरात करायची तर खालच्या मॉडेलमध्ये ती नाही हे कबूल करावं लागेल, म्हणून कोणी करत नाही. म्हणजे मला कॅमेऱ्याबद्दल बोलता येत होतं, चाकांबद्दल बोलता येत होतं, दांडीबद्दल बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. बाहेर बोलणार नाही असं मी कंपनीला लिहून दिलेलं आहे, नोकरी जाईल हे खरंच. पण त्याहून वाईट भीती दुसरीच होती, आणि ती मी बायकोलाही नीट सांगू शकलो नाही. दाजींनी दिलेल्या कानाने मी दाजींनाच फसवणारा आवाज केला होता. ते शनिवारी दार लावणार, मान तिरपी करणार, डोळे मिटणार, आणि माझी पट्टी त्यांना सांगणार की माल चोख आहे.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दांडी तू काढलीस का?"

"नाही."

"मग? आणि स्कूटरला कुठे दार असतं? आत्ता ताई काय पोलादात बसून जातात?"

हे बरोबर होतं. साहेबही कात्रीच्या बैठकीत अगदी हेच म्हणाले होते, याच शब्दांत, आणि तेव्हाही ते बरोबर होतं. दार असलेली कुठलीही गाडी स्कूटरपेक्षा बरी, यात काय खोटं आहे? तरी एखादी गोष्ट पूर्ण बरोबर असून घशाखाली उतरू नये याचा मला राग येत होता. बायको म्हणाली, "सांगायचं तर सांगून टाक, नाहीतर सोडून दे. पण ताटावर बसून सुस्कारे टाकू नकोस." गुरुवारी मी बसमधून दोन थांबे आधीच उतरलो आणि चालत निघालो. औषधांच्या दुकानासमोर एक पांढरी धाकटी उभी होती. एका बाईने आपल्या सासूला, किंवा आईला, हाताला धरून आत बसवलं, तिचा पदर दारात अडकू नये म्हणून नीट आत सारला, आणि दार लावलं. धप्प. पुढच्या कोपऱ्यावर निळी. शाळेच्या फाटकापाशी दोन. महिन्याला अकरा हजार धाकट्या विकल्या जातात, हा आकडा मला पाठ होता, पण तो आकडा असा चिंचोळ्या रस्त्यातून, दप्तरं आणि म्हाताऱ्या घेऊन जाताना मी कधी बघितला नव्हता. आवाज उत्तम होता. कुठेही एकही दार टण्ण वाजत नव्हतं.

शुक्रवारपर्यंत मी एवढं ठरवलं की गाडीत दाजींच्या शेजारी बसायचं आणि हळूच, त्यांच्या कानाशी, सांगायचं. दाजी, ही नको. कारण नंतर सांगतो. एवढंच. ते का म्हणून विचारणार नाहीत, उठून येतील. ताईला रंग आवडला नाही असं विक्रेत्याला सांगता येईल. कोणाला काही कळणार नाही. बाकीच्या अकरा हजारांचं काय, हा प्रश्न मी त्या रात्रीपुरता बाजूला ठेवला, आणि खरं सांगायचं तर तो बाजूला ठेवता आला म्हणूनच मला झोप लागली.

शनिवारी सकाळी शोरूममध्ये गर्दी होती. फरशी इतकी पुसलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. ताईने कपाटातली ठेवणीतली साडी नेसली होती, दाजींनी बूट घातले होते. टाय लावलेला, अर्धं टक्कल पडलेला विक्रेता आमच्याकडे आला, आणि तो काही बोलायच्या आत ताईनेच सांगून टाकलं, "हा माझा भाऊ. तुमच्या कंपनीतच आहे. ह्या गाडीचं दार ह्यानेच केलंय." विक्रेत्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मग मी काय बोलू साहेब. काका, तुम्ही नुसतं दार लावून बघा." हे वाक्य विक्रेत्यांच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर आहे. ते पान मी लिहिलंय.

दाजींनी दार उघडलं. लावलं. पुन्हा उघडलं, जरा हळू लावलं. बोटाच्या पेराने पत्रा ठोकला, मान तिरपी केली, डोळे मिटले. ताई श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. शेजारच्या पांढऱ्या धाकटीपाशी उभं असलेलं एक जोडपंही आपलं बोलणं थांबवून बघायला लागलं, कारण दाजी ते करतात तेव्हा माणूस बघतोच. त्यांनी डोळे उघडले. "चोख आहे," ते म्हणाले. ताई मागची डिकी बघायला गेली, विक्रेता तिच्या मागोमाग. दाजी स्टिअरिंगमागे बसले, मी शेजारी, डावीकडे. काचा खाली होत्या. मी त्यांच्याकडे झुकलो आणि ठरल्याप्रमाणे, ठरलेल्या आवाजात म्हणालो, "दाजी, ही नको. कारण नंतर सांगतो."

ते समोर बघत स्टिअरिंगवरून हात फिरवत राहिले. मी पुन्हा म्हणालो. त्यांना माझी हालचाल दिसली असावी. त्यांनी वळून माझ्या ओठांकडे बघितलं आणि हसले, चोरी पकडली गेल्यासारखे.

"काय म्हणालास? मोठ्याने बोल जरा. मला आताशा ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

हे त्यांना ओठांवरून कळलं. "झाली दोन वर्षं. दोन्ही कान. ताईला वाटतं एकच गेलाय. भांडीवाला बहिरा आहे म्हटल्यावर दुकानात कोण येणार, सांग."

"मग मघाशी..." मी दाराकडे बोट केलं. "मघाशी काय ऐकलंत?"

"काही नाही." त्यांनी खांदे उडवले. "लोक बघत होते म्हणून केलं. तू केलेलं दार, त्यात ऐकायचं काय?"

फोनवर नेहमी ताईच का बोलते, दुकानात ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे एवढं टक लावून का बघतात, हे दोन वर्षांत मला कळलं नव्हतं, आणि मी कानाचा पगार घेतो. माझी पट्टी, माझं रबर, माझे ते तीन आठवडे, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांना कुठल्याही आवाजाने फसवलेलं नव्हतं. त्यांना मी हवा होतो म्हणून त्यांनी शनिवार ठरवला होता. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसलं, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "काय झालं? बोल की. पण मोठ्याने."

मोठ्याने म्हणजे कितीने, हे मला त्या स्पंजच्या खोलीत नेमकं मोजता आलं असतं. इथे चार पावलांवर विक्रेता होता, मागे ताई होती, शेजारी ते जोडपं होतं, काचेपलीकडे आणखी दहा-वीस माणसं. मी आयुष्यभर आवाज कमी करण्याचे पैसे घेतले आहेत. छातीत श्वास भरून घेतला आणि ओरडलो, "दाजी, ही गाडी घेऊ नका. दारात एक दांडी कमी आहे. बाजूने धडकलं तर ताई वाचणार नाही."

विक्रेत्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. ताई डिकीपाशीच उभी होती, हात वर, झाकण धरलेलं. दाजींनी माझ्या तोंडावरून नजर काढली नाही. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी एकदाच मान हलवली, स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि ते गाडीतून उतरायला लागले. मला वाटलं, संपलं. आता बाहेर जायचं, ताईला सगळं सांगायचं, सोमवारी साहेबांसमोर उभं राहायचं. मी उतरलो. तेवढ्यात पांढऱ्या धाकटीपाशी उभा असलेला तो माणूस पुढे आला. त्याच्या हातात पैसे भरल्याची पावती होती, आणि त्याच्या बायकोचा हात अजून दारावर होता.

"अहो," तो म्हणाला, "कुठल्या दारात?"

विक्रेता माझ्याकडे बघत होता. तो नजरेनेच विनवत होता, त्याचंही घरदार असणार.

"चारही," मी म्हणालो, आणि त्याच्या बायकोला ते नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणालो.